संगीतोपचारात रुग्णाचा आवाज कुठे आहे?

महाराष्ट्रात 'संगीतोपचार' हा शब्द उच्चारला, की बहुतेकांच्या मनात एकच चित्र उभे राहते: डोळे मिटून पडलेला रुग्ण, कानांवर हेडफोन आणि त्यातून मंद वाजणारी सतार किंवा बासरी. कोणत्या विकारावर कोणता राग ऐकावा याचे तक्ते आरोग्यविषयक पुरवण्यांतून आणि अलीकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून वर्षानुवर्षे फिरत आहेत. रक्तदाबाला एक राग, निद्रानाशाला दुसरा, मधुमेहाला तिसराच. या तक्त्यांना पुरेसा पुरावा नाही, हा माझा एक आक्षेप आहे. त्याहून मोठा आक्षेप असा, की त्यांच्यामुळे या व्यवसायाचा एक मोठा आणि महत्त्वाचा भाग आपल्या नजरेआड झाला आहे. प्रशिक्षित संगीतोपचारतज्ज्ञ ज्या साधनांवर विसंबतात, त्यांत रुग्णाचा स्वतःचा आवाज अग्रभागी असतो. रुग्ण गुणगुणतो, हुंकारतो, एखादी ओळ अर्धवट म्हणतो, श्वास अपुरा पडला की थांबतो, आणि तज्ज्ञ आपल्या आवाजाने त्याच्या शेजारी उभा राहतो. रुग्णाला निव्वळ श्रोता करणारा संगीतोपचार आपण इतक्या सहज स्वीकारला, की त्याला गाता करण्याची मागणी कोणी केल्याचे मी फारसे ऐकलेले नाही. ती मागणी करावी, आणि हे काम कोणी करावे याचे नियम असावेत, असे मला या लेखात म्हणायचे आहे.

या विषयाकडे मी घरच्या अनुभवातून आलो. माझ्या थोरल्या काकूंना एकाहत्तराव्या वर्षी मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. घरी आणल्यावर काही आठवड्यांनी गणपती आले, आणि आरती सुरू झाली तेव्हा खुर्चीत बसलेल्या काकू शब्दही न चुकता शेवटच्या कडव्यापर्यंत आमच्याबरोबर गायल्या. घरात आनंदाने रडारड झाली. आरती संपल्यावर त्यांना विचारले, की चहा घेणार की दूध, तर त्यांच्या तोंडून 'ते... ते...' यापलीकडे काही निघेना. त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. 'गाता येते म्हणजे बोलताही येते, त्या मनावरच घेत नाहीत,' असे जवळच्याच एका माणसाने त्यांच्यादेखत म्हटले, आणि ते त्यांना पूर्ण कळले होते हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. ज्या रुग्णालयात त्या होत्या, तिथे कोणीही आम्हाला सांगितले नव्हते की असे होऊ शकते, आणि त्याचा काही उपयोगही करून घेता येतो. पुढे कोणाच्या तरी सांगण्यावरून संगीतोपचार करणारे एक गृहस्थ पैसे घेऊन घरी येऊ लागले. त्यांनी काकूंना रोज पाऊण तास हेडफोन लावून बसवले. ज्या बाईला बोलायचे होते, तिला आम्ही महिनोन् महिने ऐकत बसवले, याची खंत मला आजही आहे.

काकूंच्या आरतीचे कोडे मेंदूविज्ञानाला नवे नाही. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये पॅरिसमध्ये ज्या रुग्णाच्या मेंदूचे वर्णन केले, त्याला 'टॅन' एवढ्या एकाच उच्चाराखेरीज जवळजवळ काही बोलता येत नसे, आणि त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, पुढच्या बाजूला, इजा आढळली. त्याच शतकात इंग्लंडमध्ये जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांच्या लक्षात आले, की वाचा गेलेल्या माणसाच्या तोंडून एखादी शिवी, प्रार्थना किंवा गाण्याची ओळ मात्र अडखळल्याशिवाय बाहेर पडते. आपोआप येणारे बोलणे आणि हेतूने रचलेले बोलणे यांच्यात त्यांनी केलेला भेद आजही कामाचा आहे. आरती, पाढे, रामरक्षा, आठवड्याचे वार ही हजारो वेळा म्हणून ओठांवर बसलेली वाचा आहे. 'मला चहा नको, दूध हवे' हे वाक्य मात्र त्या क्षणी नव्याने जुळवावे लागते, आणि ते जुळवणारी यंत्रणाच वाचाघातात मोडते. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश रुग्णांना सुरुवातीला कमीअधिक वाचाघात होतो, हे लक्षात घेतले तर आपल्या आसपास अशा किती काकू असतील, याचा अंदाज बांधता येईल.

संगीतोपचारतज्ज्ञाचे काम आरती संपल्यानंतर सुरू होते. येत असलेल्या ओळीपासून हव्या असलेल्या वाक्यापर्यंत रुग्णाला कसे न्यायचे, हा त्याचा प्रश्न असतो. एक साधा मार्ग असा, की ओळखीच्या गाण्याची ओळ म्हणताना शेवटचा शब्द तज्ज्ञ गाळतो आणि तो रुग्णाने भरावा म्हणून थांबतो; मग गाण्याच्या जागी रोजचे वाक्य आणतो. यापेक्षा बांधीव पद्धत बोस्टनमध्ये मार्टिन अल्बर्ट, रॉबर्ट स्पार्क्स आणि नॅन्सी हेल्म यांनी १९७३ मध्ये मांडली. तिला मेलॉडिक इंटोनेशन थेरपी म्हणतात. तिच्यात गाणे असे नसतेच. दोन-तीन अक्षरांचा रोजचा शब्दसमूह घ्यायचा आणि तो फक्त दोन सुरांवर, एक वरचा आणि एक खालचा, सावकाश म्हणायचा. प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हातावर किंवा डाव्या हाताने टेबलावर एक ठोका द्यायचा. आधी तज्ज्ञ ती सुरावट नुसती गुणगुणतो, मग दोघे मिळून शब्दांसकट म्हणतात, मग तज्ज्ञ मध्येच आपला आवाज काढून घेतो आणि रुग्ण एकटा पुढे जातो. त्यानंतर रुग्णाने ऐकून परत म्हणायचे, मग प्रश्नाचे उत्तर म्हणून तेच म्हणायचे. वाक्ये हळूहळू लांबतात, आणि शेवटच्या टप्प्यात सूर सपाट करत करत गाण्याकडून बोलण्याकडे यायचे. ज्या रुग्णाला समजते चांगले पण बोलता येत नाही, ज्याची इजा डाव्या बाजूला आहे आणि ज्याच्यात चिकाटी आहे, त्याच्यासाठी ही पद्धत आहे. जो भराभर पण निरर्थक बोलतो आणि ज्याला इतरांचे बोलणे कळत नाही, अशा वाचाघाताच्या रुग्णाला ती लागू पडत नाही. ही निवड करण्यासाठी वाचातज्ज्ञाची तपासणी लागते. केवळ सुरेल गळा असून भागत नाही.

अमेरिकेच्या काँग्रेस सदस्य गॅबी गिफर्ड्स यांना जानेवारी २०११ मध्ये डोक्यात गोळी लागली आणि वाचाघात झाला. त्यांच्या उपचारांत गाण्याचा वापर झाला आणि त्याचे चित्रण जगभर पाहिले गेले. पाहणाऱ्यांनी त्यातून चमत्कार उचलला. त्यांना मिळालेले सातत्याचे, अनेक तज्ज्ञांचे आणि दीर्घकाळचे उपचार तितक्याच आवर्जून पाहायला हवे होते, आणि इतक्या वर्षांनंतरही त्यांना बोलण्यासाठी कष्ट पडतात हेही.

आता मराठीचा प्रश्न. बोस्टनची पद्धत इंग्रजी भाषेवर बेतलेली आहे: इंग्रजी शब्दातील ज्या अक्षरावर जोर पडतो, ते वरच्या सुरावर आणि बाकीची खालच्या सुरावर घ्यायची, म्हणजे बोलण्याची नैसर्गिक चाल थोडी ताणून मोठी केली जाते. मराठीत जोराची जागा बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, आणि आपल्या वाक्याची चाल ऱ्हस्व-दीर्घावर आणि वाक्याच्या शेवटच्या चढउतारावर बरीचशी अवलंबून असते. मग 'पाणी दे' मध्ये वरचा सूर कुठे ठेवायचा? 'पा' वर ठेवला तर ते सांगणे वाटते, 'दे' वर ठेवला तर आर्जव किंवा हट्ट. दुसरी अडचण याहून खोल आहे. मराठी बोलताना आपण लिहिलेला 'अ' पुष्कळदा गिळतो. 'नाम' हा शब्द लिहिताना दोन अक्षरांचा, पण बोलताना एकाच झटक्यात उच्चारला जातो. अभंगात मात्र अक्षरे मोजली जातात आणि तिथे 'नाम' ची दोन अक्षरे पूर्ण गायली जातात. म्हणजे आपल्याला लहानपणापासून ओळखीचे असलेले गाणे आणि आपले बोलणे यांत एकाच शब्दाचे ठोके वेगळे पडतात. रुग्णाच्या हातावर 'भाकर' शब्दाला तीन ठोके द्यायचे की दोन? गाण्याच्या सवयीने तीन दिले तर सूर चटकन लागेल, पण बोलण्याकडे परतताना एक ठोका अडचण करील. या प्रश्नांची उत्तरे खोलीत बसून ठरवता येणार नाहीत. ती मराठी ध्वनिविज्ञान जाणणारे, गाणे शिकवणारे आणि वाचातज्ज्ञ यांनी रुग्णांसमोर बसूनच शोधायला हवीत, आणि वऱ्हाडात 'पानी' म्हणणाऱ्याला 'पाणी' म्हणायला लावण्याचा खुळेपणा त्यात होता कामा नये. गोव्यात ज्याच्या घरी 'उदक दी' म्हणतात, त्याच्यासाठी वाक्यही तेच असायला हवे.

या पद्धतीची बाजू घेताना तिच्याविरुद्धचा पुरावा दडवणे मला योग्य वाटत नाही. २०११ मध्ये लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी सतरा जर्मन रुग्णांची तुलना केली, तेव्हा सुरात म्हणण्याचा फायदा लयीत बोलण्यापेक्षा अधिक दिसला नाही. काम करत होती ती लय, आणि शब्द ओळखीचे व ठरीव असणे. नेदरलँड्समध्ये २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात पक्षाघातानंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत सत्तावीस रुग्णांपैकी ही पद्धत वापरलेल्यांच्या गटात फायदा दिसला, पण त्याच मंडळींनी २०१६ मध्ये पक्षाघाताला बराच काळ लोटलेल्या रुग्णांवर प्रयोग केला, तेव्हा लाभ मर्यादित आणि तात्पुरता निघाला. गाण्याने मेंदूच्या उजव्या बाजूचे तंतूमार्ग बदलतात, असे दाखवणारे बोस्टनमधील अभ्यास मोजक्या रुग्णांवरचे आहेत. या सगळ्यातून मी असा निष्कर्ष काढतो, की गायनाधारित उपचाराचा दावा छोटा ठेवावा: ठरावीक प्रकारच्या रुग्णाला, शक्य तितक्या लवकर, रोज आणि चिकाटीने दिला, तर काही उपयोगी वाक्ये परत मिळण्याची शक्यता तो वाढवतो. हा दावा लहान असला, तरी तो तपासता येतो. कोष्टकातील राग आणि रोग यांच्या जोडीबद्दल तसे म्हणता येत नाही, कारण किती रुग्णांना, कशाच्या तुलनेत, किती बरे वाटले, याची नोंदच सहसा ठेवलेली नसते.

इथे कुमार गंधर्वांचे उदाहरण हमखास दिले जाते, आणि ते चुकीच्या अर्थाने दिले जाते म्हणून थोडे थांबतो. क्षयाने ग्रासलेले कुमारजी देवासला आले, कित्येक वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती, आणि एक फुप्फुस जवळपास निकामी झाले असताना ते पुन्हा गायले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांना क्षयातून बाहेर काढले ते त्या सुमारास उपलब्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनने. गाण्याने क्षय बरा झाला असे म्हणणे त्या औषधावर आणि त्यांच्या साधनेवरही अन्याय करते. त्यांनी उरलेल्या श्वासाच्या मापाने आपली गायकी नव्याने रचली, यातून मात्र श्वासाच्या रुग्णांबरोबर काम करणाऱ्याला पुष्कळ शिकता येईल.

श्वासाचा उल्लेख आला म्हणून सांगतो, की करोनानंतर महिनोन् महिने धाप लागणाऱ्या लोकांसाठी लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेराने एका रुग्णालय-संस्थेच्या साहाय्याने २०२० मध्ये सहा आठवड्यांचा ऑनलाइन कार्यक्रम सुरू केला आणि त्यासाठी गाणी निवडली ती अंगाईगीते, कारण ती संथ असतात आणि गाणाऱ्याला लांब, सैल श्वास सोडायला लावतात. दीडशे लोकांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले: जीवनमानाच्या मानसिक बाजूत सुधारणा दिसली, शारीरिक बाजूत दिसली नाही. धापेच्या एका मापातही थोडी सुधारणा दिसली. याला मी यश मानतो.

अंगाईचा सर्वांत हृद्य उपयोग मात्र दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या अतिदक्षता विभागात होतो. न्यूयॉर्कमधील संगीतोपचारतज्ज्ञांच्या पुढाकाराने ११ रुग्णालयांतील २७२ बाळांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आईवडिलांना त्यांच्या घरचे, त्यांच्या ओळखीचे गाणे निवडायला सांगितले, तज्ज्ञाने ते अंगाईच्या चालीत सोपे करून दिले, आणि बाळाच्या श्वासाची लय पाहत ते जिवंत आवाजात गायले गेले. बाळांच्या हृदयगतीवर, दूध ओढण्यावर आणि आईवडिलांच्या ताणावर चांगला परिणाम दिसला. त्यानंतर नॉर्वेच्या नेतृत्वाखाली पाच देशांत झालेल्या मोठ्या अभ्यासात आई आणि बाळाच्या भावबंधात मोजता येण्याजोगा फरक आढळला नाही, हेही नमूद करायला हवे. तरी मला महत्त्वाचे वाटते ते इतके, की काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळाजवळ आईला करण्यासारखे फार थोडे उरते, आणि त्या थोड्यात तिचा आवाज येतो. आपल्याकडे अशा विभागात कधी कधी मंत्रांची किंवा वाद्यसंगीताची ध्वनिफीत लावली जाते. बाळाचा श्वास अडला तर ध्वनिफीत थांबत नाही; आई थांबते. 'मला गाता येत नाही हो' असे ती आई म्हणेल, कारण शाळेत कोणीतरी तिला 'तू नुसते ओठ हलव' असे सांगितलेले असते. तिच्या आवाजाची पट्टी शोधून, तीन-चार सुरांत बसेल अशी ओळ तिच्याच तोंडच्या बोलीत बांधून देणे, हे तिथे संगीतोपचारतज्ज्ञाचे खरे कौशल्य आहे.

पट्टीचा हा मुद्दा किरकोळ नाही. आपले गायक काळी एक, पांढरी पाच असे स्वतःच्या गळ्याचे माप नेमके जाणतात, पण आजारी माणसाची पट्टी आजाराने बदललेली असते. कंपवाताच्या रुग्णाचा आवाज बारीक आणि एकसुरी होतो, फुप्फुसाच्या रुग्णाला लांब ओळ झेपत नाही, वयाबरोबर बायकांचा आवाज खाली उतरतो. तज्ज्ञाने आपला सूर तिथे नेऊन ठेवायचा असतो. मैफलीची सवय असलेल्या गायकाला हे सर्वांत अवघड जाते, कारण आपला आवाज उत्तम लागावा, हीच त्याची आयुष्यभराची शिकवण असते. दुसरीकडे, खर्जाचा रियाज, आकार, सूर सावकाश लावून तो धरून ठेवणे यांतून आपल्या गुरूंनी श्वासाचे आणि कंठाचे जे बारीक ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जपले, ते या व्यवसायाला फार मोलाचे ठरेल. राग-रोगांच्या तक्त्यांपेक्षा आपल्या संगीतपरंपरेचे खरे योगदान मला इथे दिसते.

मनाच्या उपचारांत आवाजाचे काम अधिक नाजूक होते. अमेरिकेतील डायन ऑस्टिन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत तज्ज्ञ वाद्यावर दोनच स्वरसंवाद, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, आलटूनपालटून वाजवत राहतो, समोरची व्यक्ती त्यांवर शब्दांशिवाय कोणताही स्वर लावते, आणि तज्ज्ञ आधी तिच्याच सुरात सूर मिळवतो, मग थोडा बाजूला होऊन तिला पूरक सूर देतो, कधी तिचाच सूर तिला परत ऐकवतो. तानपुऱ्याच्या झंकारावर आकार लावणाऱ्याला हे परके वाटणार नाही. पण या क्षणी काय घडू शकते, ते लक्षात घ्यावे. आवाज शरीराच्या आतून येतो, त्याला लपायला वाद्याचा आडोसा नसतो, आणि ज्याने वर्षानुवर्षे काही गिळून टाकले आहे, त्याचा कंठ मोकळा होताना ते सारे एकदम वर येऊ शकते. अशा वेळी समोर बसलेल्याला थांबायचे कधी, गाणे सोडून बोलायचे कधी, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचे कधी, हे माहीत नसेल, तर तो त्या माणसाला अपाय करील. माझा नियमनाचा आग्रह इथून येतो.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो मनापासून घेतला जातो. भजनी मंडळे, कीर्तने, वारी, जात्यावरच्या ओव्या यांतून आपला समाज शतकानुशतके गात आला आहे. मग गाण्यासाठी पदवीधारक तज्ज्ञ कशाला? हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. त्या वाचताना दिसते, की दळणारीने एक ओळ टाकावी, समोरचीने ती उचलावी, आणि माहेर, सासर, गेलेले मूल यांविषयी जे कोणाशी बोलता येत नाही ते जात्याला सांगावे, अशी आवाजाला आवाजाचा आधार देणारी रीत आपल्याकडे होती. या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याला बळ देणारा पुरावाही आहे. ऑस्ट्रेलियातील वृद्धनिवासांत स्मृतिभ्रंश असलेल्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे २०२२ मधील निष्कर्ष सांगतात, की नैराश्याची लक्षणे कमी करण्यात आनंदासाठी एकत्र गाण्याचा कार्यक्रम नेहमीच्या देखभालीपेक्षा अधिक उपयोगी ठरला. लंडनमध्ये बाळंतपणानंतरच्या नैराश्याने त्रस्त १३४ मातांच्या अभ्यासातही, ज्यांचा त्रास अधिक होता त्या गाण्याच्या गटात लवकर सावरल्या. म्हणून वृद्धाश्रमात रोज सकाळी सर्वांनी मिळून जुनी भावगीते आणि नाट्यपदे गायली, तर त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज असू नये, आणि त्याला उपचार म्हणण्याचीही गरज नाही.

पण भजनी मंडळ वाचाघाताच्या रुग्णाला 'मला दुखते आहे' हे वाक्य परत मिळवून देऊ शकत नाही. मंडळात ज्याला येते तो गातो, आणि ज्याचे चुकते त्याच्यासाठी भजन थांबत नाही, थांबूही नये. तज्ज्ञाचे काम जिथे चुकते तिथेच सुरू होते: एकाच रुग्णासाठी, ठरवलेल्या उद्दिष्टाने, दर आठवड्याला प्रगती नोंदवत, आणि उपयोग होत नसेल तर ते स्पष्ट सांगून पद्धत बदलत. आपल्या घरी येणाऱ्या गृहस्थांना आम्ही विचारायला हवे होते, की तीन महिन्यांनी काकूंना नेमके काय जमायला हवे. आम्ही विचारले नाही, आणि विचारायचे असते हेही आम्हाला कोणी सांगितलेले नव्हते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तालुक्याच्या ठिकाणी मेंदूविकारतज्ज्ञ नसताना संगीतोपचारतज्ज्ञाची मागणी चैनीची आहे, असे म्हटले जाते. मला हे पटत नाही. आवाजाला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, आणि बरेचसे काम घरच्या माणसांना शिकवून त्यांच्याकडून करून घेता येते. खर्च आहे तो शिकवण्याचा, आणि त्याची अर्धी तयारी आपल्याकडे आधीच आहे. वाचातज्ज्ञांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाक् आणि श्रवण यांचे शिक्षण देते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांतून विशारद आणि अलंकार झालेले गायक गावोगाव आहेत. पुदुच्चेरीत वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले संगीतोपचाराचे शिक्षण सुरू झालेले आहे. वाचातज्ज्ञ आणि गायक यांची एकमेकांशी गाठ घालून देणारा अभ्यासक्रम महाराष्ट्रातील एखाद्या विद्यापीठाने सुरू करायला हवा, आणि त्यात रुग्णालयातील देखरेखीखालच्या कामाचे तास ठरलेले असावेत. अमेरिकेत संगीतोपचारतज्ज्ञ होण्यासाठी असे १,२०० तास पुरे करावे लागतात. निव्वळ 'विशारद' असणे किंवा दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र असणे म्हणजे संगीतोपचारतज्ज्ञ असणे नव्हे, हे कायद्यानेच सांगायला हवे. ब्रिटनमध्ये नोंदणी नसताना संगीतोपचारतज्ज्ञ म्हणवून घेणे हा गुन्हा आहे. आपल्या संसदेने २०२१ मध्ये आरोग्यसेवेतील संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्या चौकटीत संगीतोपचाराला त्याच्या स्वतःच्या नावाने, अभ्यासक्रम आणि नोंदणीसह स्पष्ट जागा मिळावी. तोवर रुग्णालयांनी निदान एवढे करावे, की वाचाघात झालेल्या रुग्णाला घरी सोडताना नातेवाइकांना दहा मिनिटे बसवून समजावून सांगावे, की हा माणूस गाऊ शकेल आणि तरी बोलू शकणार नाही, आणि यात त्याचा काही दोष नाही. त्या दहा मिनिटांनी आमच्या घरातला एक घाव टळला असता.

मराठीतून काम सुरू करताना पहिली वाक्ये कोणती घ्यायची, हे पुस्तकात सापडणार नाही. ती घरोघर विचारावी लागतील, कारण प्रत्येकाच्या तोंडी अडकलेले वाक्य वेगळे असते. काकू रोज संध्याकाळी अस्वस्थ होत, डाव्या हाताने दाराकडे दाखवत, आणि आम्ही त्यांना पाणी, औषध, पांघरूण असे एकेक आणून देत असू. त्यांना काय म्हणायचे आहे ते आम्हाला कळायला सात महिने लागले. त्यांना म्हणायचे होते, 'तुळशीला पाणी घाला.' लिहिताना आठ अक्षरे, बोलताना सात. दोन सुरांवर, डाव्या हाताच्या सात ठोक्यांत ते वाक्य बसते.